मल्लम्मांचा काल हलविण्याची हकीकत

सर्व सुज्ञ वाचकांस सविनय कळविण्यात येते की, कर्नाटकातील सीमेवरच्या कमलनगर येथील रहिवासी श्री. नागेंद्र गुरुशांतप्पा बिरादार यांनी आपल्या वृद्ध मातोश्रींचे गुडघे व स्मरणशक्ती यांच्या सुधारणेकरिता जो उद्योग आरंभिला, त्याचा साद्यंत वृत्तांत पुढील मजकुरात येणार आहे. विषय वार्धक्याचा असल्यामुळे गंभीर आहे. मध्ये कोठे हसू आल्यास अवश्य हसावे. परंतु घरात कोणी वडीलधारे माणूस असल्यास त्यांच्याकडे एकवार पाहून मग हसावे, एवढीच विनंती.

नागेंद्रप्पा हे येथील सहकारी संस्थेत लेखनिक आहेत. माणूस सालस, कपाळी विभूती, बोलण्यात नेमस्त. त्यांच्या मातोश्री मल्लम्मा, घरच्यांच्या अव्वा, यांचे दोन्ही गुडघे संधिवाताने धरले होते. सकाळी उठून लिंगपूजेच्या पाटापर्यंत जावयाचे, तर भिंत, दार, कपाट आणि सून अशी एकापाठोपाठ एक मदत घ्यावी लागे. त्यातच स्मरणाला गळती लागली होती. चहा प्याल्यावर चहा मागावा, पूजा झाल्यावर पूजेला बसावे, आणि बऱ्याच वर्षांपूर्वी लिंगैक्य झालेल्या, म्हणजे देवाघरी गेलेल्या पतिराजांना जेवायला का बोलावले नाही म्हणून सुनेवर रागवावे, असे चालले होते.

एवढ्यात थोरले बंधू रविकुमार यांचा गुलबर्ग्याहून फोन आला. शहराचे नाव सरकारने कलबुर्गी केले असले, तरी आमच्याकडे जिभेला अजून गुलबर्गाच येतो. रविकुमार तेथील कॉलेजात प्राध्यापक असून तिसऱ्या मजल्यावर राहतात. ते म्हणाले, "नागू, दिवाळीला मी येतो. तोवर अव्वात फरक दिसला तर ठीक. न्हाई तर मी तिला हिकडं घेऊन येतो. तुज्यानं होत नसेल तर स्पष्ट सांग."

"तुज्यानं होत नसेल तर" हे शब्द नागेंद्रप्पांना फार लागले. परंतु त्याहून अधिक लागली ती मातोश्रींची अवस्था. इतर सर्व गोष्टी ज्या डोक्यात टिकेनात, त्याच डोक्यात ही एक गोष्ट मात्र घट्ट रुतून बसली. रोज सकाळी डोळे उघडताच मल्लम्मा विचारीत, "नाग्या, रवी मला न्यायला यायलाय व्हय रं?" आणि रोज ती बातमी त्यांना नव्यानेच कळल्यासारखी होऊन त्या पदराने डोळे पुशीत. "तिथं वट्टा न्हाई, अंगण न्हाई. दार लावून घेतेत सगळे. मी कुणाशी बोलू? मला हितंच राहू दे की रं."

हे ऐकून नागेंद्रप्पांनी मनाशी निश्चय केला, की दिवाळीपूर्वी मातोश्रींत फरक दाखवायचाच.

निश्चय एका घरात होतो, पण सल्ला साऱ्या गल्लीतून येतो. शेजारचे राघोबा, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, हे सर्वप्रथम आले. त्यांनी बिब्ब्याचे तेल सुचविले. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई म्हणाल्या, "बिब्बा उततोय. आमच्या आत्याच्या पायाचं कातडं गेलं, गुडघा तसाच ऱ्हायला. अक्काला निरगुडीचा पाला बांधा." पूजेला येणारे शिवय्या यांनी अक्रोड सांगितला, कारण फोडल्यावर तो आतून मेंदूसारखाच दिसतो. नागेंद्रप्पांनी सर्वच उपाय केले. घरात निरगुडीचा वास आणि अक्रोडाची टरफले एवढी वाढ झाली. फरक काही दिसेना.

अखेर मातोश्रींना जीपमध्ये बसवून तालुक्याबाहेरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेण्यात आले. तेथे व्यायाम शिकविणाऱ्या बाई नव्यानेच रुजू झाल्या होत्या. मल्लेश्वरी मॅडम रायचूरकडच्या, मूळच्या कन्नड. परंतु रुग्ण मराठी असला तर त्याच्याशी मराठीतच बोलायचे, असा त्यांचा नेम होता. ही चांगुलपणाची गोष्ट होय. तथापि पुढील सर्व प्रकार त्या चांगुलपणातूनच उद्भवला, हे नमूद करणे भाग आहे.

त्या वेळी सूनबाई शैलश्री या औषधांच्या रांगेत उभ्या होत्या. मॅडमनी मल्लम्मांचे गुडघे दाबून पाहिले. नागेंद्रप्पांनी आईच्या विसराळूपणाची दोन-चार उदाहरणे सांगितली. ती लक्षपूर्वक ऐकून मॅडम म्हणाल्या:

"आजींचं काल लई जाम झालंय, बघा. रोज सकाळी आणि संध्याकाळी काल हलवायचं. खुर्चीवर बसवून. आधी गरम कपड्यानं थोडं शेकायचं. मग एक-एक काल घ्यायचं, दोन्ही एकदम नको. जोर करायचं नाही. जुनं काल आहे, लगेच सरळ होत नाही. घरचे, शेजारचे सगळे मिळून केलं तर आजींना पण बरं वाटतंय. काल मोकळं झालं की उभं राहणं सोपं जातंय, डोकं पण ताजं होतंय."

वाचकहो, येथेच एक खुलासा केलेला बरा. कन्नड भाषेत पायाला 'कालु' म्हणतात आणि बोलताना त्याचा 'काल' होतो. मॅडमना मराठीतील बहुतेक सर्व शब्द येत होते. पाय एवढाच जिभेवर कन्नड राहून गेला होता. नागेंद्रप्पांना कन्नड येत नव्हते असे मुळीच नाही. संस्थेत ते दिवसभर दोन्ही भाषांत व्यवहार करतात. परंतु सीमेवरच्या माणसाला दोन कान दोन भाषांचे असतात आणि समोरचा ज्या भाषेत बोलेल तो कान पुढे करण्याची रीत आहे. मॅडम मराठी बोलत होत्या, सबब नागेंद्रप्पांनी मराठी कान पुढे केला आणि त्या कानाने 'काल' म्हणजे गेलेला दिवस असेच ऐकले. विसराळूपणाची गोष्ट नुकतीच झाली असल्याने शंकेला जागाही उरली नाही.

परतताना जीपमध्ये त्यांचा चेहरा उजळला होता. "काल मोकळा झाला की माणूस उभा राहतो," हे वाक्य त्यांनी कमलनगर येईपर्यंत अनेकदा पुटपुटले. पुढे ते त्यांनी संस्थेच्या सचिवांनाही ऐकविले आणि सचिवांनी ते आपल्या भाषणाकरिता ठेवून घेतले.

शैलश्रीबाईंनी मात्र विचारले, "अन् पायाचं काय सांगितलं मॅडमनी?"

"पायाचं काही सांगितलं न्हाई."

"गुडघे दाखवायला गेलो, अन् पायाचं कायच न्हाई?"

"अगं, आजकालचं शास्त्र मुळावर इलाज करतंय. तू फांदीला धरून बसलीस."

शैलश्रीबाई फांदीला धरून गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर हातांची प्लास्टिकची खुर्ची मांडण्यात आली. प्रथम शेक. आता मनुष्याचा काल शरीरात कोठे राहतो? डोक्यात. म्हणून शैलश्रीबाईंनी, नवऱ्याच्या आज्ञेवरून, तव्यावर फडके गरम करून सासूबाईंच्या डोक्यावर ठेवले.

"अगं बाई!" मल्लम्मा ओरडल्या. "माज्या डोस्क्याची भाकर भाजायलीस व्हय गं?"

"अव्वा, मॅडमनी सांगितलंय," नागेंद्रप्पा समोर बसून म्हणाले. "आता सांग, काल सकाळी काय जेवलीस?"

"कालचं कामून इचारायलास? आजचं आणून दे की आधी!"

हा पहिला काल. जोर करावयाचा नाही असे मॅडमचे बजावणे असल्याने तो तेथेच सोडून देण्यात आला.

सगळ्यांनी मिळून करावयाचे असल्याने राघोबा व चंद्रभागाबाई यांनाही बोलावणे गेले. हळूहळू सकाळच्या चहाला ओटा भरू लागला. जाणारा-येणारा थांबून विचारी, "मल्लम्मा अक्का, काल कोण आलं होतं?" मल्लम्मा कधी खरे सांगत, कधी मनाचे, कधी विचारणाऱ्यालाच उलट विचारीत, "तूच सांग, तू काल काय काम केलास?" तेव्हा असे आढळून आले की, गल्लीत काल धडपणे कोणालाच आठवत नाही. राघोबा म्हणाले काल वरण होते, चंद्रभागाबाई म्हणाल्या पिठले होते. त्या दोघांत त्यावरून जो वाद झाला तो मिटवायला मल्लम्मांनाच मध्ये पडावे लागले. "दोघं बी उपाशी होता," असा निवाडा त्यांनी दिला.

एके दिवशी प्रकरण जरा नाजूक झाले. नेहमीप्रमाणे "काल कोण आलं होतं?" असे विचारताच मल्लम्मा ठसक्यात म्हणाल्या, "राघोबा आला. आमचं पितळी घंगाळ घिऊन गेला. अजून दिला न्हाई."

राघोबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"अक्का, मी? काल? मी काल उदगीरला होतो!"

"घिऊन गेला न्हाईस? लगीन होतं तुज्या घरी. बैलगाडीत घालून नेलास की."

"नागूअप्पा," राघोबा उठून उभे राहिले, "सारी नोकरी इमानदारीनं केली मी. एका पॅसेंजरनं चोर म्हणलं न्हाई. आज तुज्या वट्ट्यावर ऐकून घेतलो." आणि ते चपला न घालताच निघून गेले.

नागेंद्रप्पांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. ते क्षमा मागायला गेले, तर राघोबांनी दार उघडले नाही. परंतु दोन दिवसांनी चंद्रभागाबाई पदराखाली काहीतरी अवजड घेऊन आल्या. चिंचेने घासून लख्ख केलेले पितळी घंगाळ होते. त्याच्या काठावर "गुरुशांतप्पा बिरादार" असे कोरलेले होते.

"माळ्यावर होतं," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या लग्नात आणलेलं दिसतंय. मामंजींनी परत द्यायचं ठेवलं असंल. ह्यांना काय बोलू नका, चपला तेवढ्या द्या."

राघोबांच्या लग्नातील काल हलला, याचा नागेंद्रप्पांना फारच आनंद झाला. एवढा जुना काल सुटतो, तर कालचा काल कितीसा दूर? त्यांच्या उत्साहाला भरती आली. मात्र खुर्चीत बसवून करायचे असल्याने मल्लम्मांना आता सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून उठू दिले जात नव्हते. उठण्याचा प्रयत्न केला, की कोणीतरी म्हणे, "अक्का, बसा बसा, मॅडमनी बसून सांगितलंय." त्यामुळे पूर्वी एका हाताच्या आधाराने उठणाऱ्या मल्लम्मांना आता दोन माणसे लागू लागली. नागेंद्रप्पांना ते दिसत होते. त्यांनी त्याचा दोष हवेवर ठेवला.

हवेवर उपाय म्हणून त्यांनी सरकारकडून वॉकर मिळवावयाचे ठरविले. संबंधित कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होते. तेथील गृहस्थ सौजन्याने बोलले. म्हणाले, "वॉकर पाहिजे तर आजींना समक्ष आणा."

"त्यांना जिना चढता येत न्हाई, साहेब."

"मग कसं करायचं? समक्ष पडताळणी लागते."

"उचलून आणलं तर?"

"आणा. पण आजी वर आल्या तर त्या चढू शकतात असा शेरा पडेल. मग वॉकर मंजूर होणार नाही."

"अन् न्हाई आल्या तर?"

"तर गैरहजर."

नागेंद्रप्पांनी नम्रपणे सुचविले की साहेबांनीच खाली यावे. साहेब खिन्न होऊन म्हणाले, "माझेच गुडघे दुखतात हो. सकाळी एकदा चढलो की संध्याकाळीच उतरतो." दोघांनी एकमेकांकडे सहानुभूतीने पाहिले. नागेंद्रप्पा त्यांना निरगुडीचा पाला सांगून परत आले.

आणि दिवाळी आली. रविकुमार गाडी घेऊन आले. गाडीत आईसाठी मऊ उशी होती आणि मागची जागा सामानासाठी मोकळी ठेवलेली होती. त्यांनी आईला खुर्चीतून उठताना पाहिले. एकीकडे सून, दुसरीकडे चंद्रभागाबाई, मध्ये कण्हत असलेली अव्वा. मग त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिले. नागेंद्रप्पांना ती नजर फोनवरच्या बोलण्यापेक्षा कठीण गेली.

"अण्णा, असं बघू नकोस," ते काकुळतीने म्हणाले. "आपण उद्या मॅडमकडं जाऊ. त्यांनी सांगितलं तसंच केलोय मी, एक दिवस चुकवलो न्हाई. त्या म्हणाल्या फरक न्हाई, तर घेऊन जा. मी अडवणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सर्व मंडळी दवाखान्यात पोहोचली. मल्लेश्वरी मॅडमनी हसून विचारले, "आजींचं काल हलवलं का रोज?"

"रोज, मॅडम! सकाळी, संध्याकाळी. शेजारी-पाजारी मिळून हलवलो. एकदा तर लई लांबपर्यंत गेला."

"लांबपर्यंत?" मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "जोर केलं काय? दाखवा बघू कसं करता."

नागेंद्रप्पा आईसमोर गुडघे टेकून बसले. थोरल्या भावासमोर, मॅडमसमोर, आपली सारी कमाई मांडावयाची होती. ते म्हणाले, "अव्वा, सांग. काल संध्याकाळी आपल्या घरी गाडीतून कोण आलं?"

मल्लम्मा पदराचे टोक चाळत राहिल्या.

"काल दाखवा की," मॅडम म्हणाल्या.

"तेच दाखवायलोय, मॅडम. अव्वा, आठव. काल कोण आलं?"

"अहो, बोलताय कशाला? काल दाखवा, काल!"

"जरा थांबा, येतोय. कालचं एकदम येत न्हाई, तुमीच म्हणला होता."

मॅडमनी रविकुमारांकडे पाहिले. रविकुमारांनी छताकडे पाहिले. शेवटी मॅडम खाली वाकल्या आणि आपल्या भाषेत म्हणाल्या, "अज्जी, काल चाचरी."

मल्लम्मांचे माहेर सेडमकडचे, कन्नड मुलखातले. बालपणीचे बोल कानी पडताच त्यांनी लुगडे सावरून उजवा पाय हळूच पुढे पसरला. मग समोर गुडघे टेकून बसलेल्या मुलाकडे पाहून त्या म्हणाल्या, "येड्या, ती पाय म्हणायलीय. तू कामून कालचं इचारायलास?"

खोलीत कोणी हसले नाही. शैलश्रीबाईंनी मात्र पदर तोंडाला लावला. नागेंद्रप्पा तसेच जमिनीवर बसून राहिले. तव्यावरचे फडके, दूर गेलेले राघोबा, संस्थेच्या सचिवांचे भाषण, सर्व काही त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. आणि आईचा तो ताठलेला गुडघा आपणच खुर्चीत बसवून आणखी ताठविला, हे ध्यानी येऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"अण्णा," ते म्हणाले, "ने तू तिला. माज्यानं झालं न्हाई."

मॅडमना प्रकार समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांचा चेहरा पडला. "चूक माझं आहे," त्या म्हणाल्या. "माझं मराठी अर्धं आहे." मग त्यांनी गुडघा तपासला. ताठरपणा वाढला आहे हे लपविले नाही. रोज हलविल्यास तो सुटेल, असेही सांगितले. विसराळूपणाबद्दल मात्र त्या सावकाश बोलल्या. "गेलेलं परत येईल असं मी म्हणत नाही. पण माणसांत बसणं, बोलणं, हसणं, वेळेवर उठणं, हे औषधासारखंच आहे. तुम्ही चुकून अर्धं औषध बरोबर दिलं. आता उरलेलं अर्धं द्या."

रविकुमार यावर काही बोलणार, इतक्यात मल्लम्माच त्यांच्याकडे वळल्या. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, डोळ्यांना चष्मा. त्यांनी पदर नीट केला.

"साहेब, तुमी गुलबर्ग्याचे काय?"

रविकुमारांनी चष्मा सावरला. "व्हय," ते म्हणाले.

"मंग आमच्या रवीला वळखत असताल. कालिजात शिकवतोय. लई हुशार लेकरू. तो मला न्यायला यायलाय म्हणं." मल्लम्मांनी आवाज खाली आणला. "त्याला एक निरोप सांगा. म्हणावं, तुज्या अव्वाला राग न्हाई. तुजं घर चांगलंय. पर तिला हितं सकाळी माणसं इचारायला येतेत. ती येणार न्हाई म्हणावं. त्याला वाईट वाटंल, साहेब. जरा गोडीनं सांगा."

नागेंद्रप्पा पुढे होऊन "अव्वा, हाच..." एवढे म्हणाले असतील, तोच रविकुमारांनी हात करून त्यांना थांबविले.

"सांगतो," ते म्हणाले. "गोडीनंच सांगतो."

सुट्टी संपेपर्यंत रविकुमार कमलनगरातच राहिले. मॅडमनी दाखविल्याप्रमाणे गुडघ्यावर ऊन फडके ठेवून, सकाळ-संध्याकाळ लहान स्टुलावर बसून ते आईची टाच तळहातावर घेत आणि एक एक पाय सावकाश उचलून खाली ठेवीत. ओट्यावर, रुसवा सोडून आलेल्या राघोबांसह, सर्व मंडळी चहाला जमत. मल्लम्मा त्यांना कौतुकाने सांगत, "दवाखान्यातून साहेब पाठवलेत. हात लई हलका हाय बघा. कुण्या माउलीचं लेकरू हाय की." ते ऐकताना रविकुमार मान वर करीत नसत.

निघण्याच्या दिवशी मल्लम्मा, नागेंद्रप्पांच्या एका हाताच्या आधाराने, स्वतः उठून ओट्याच्या कडेपर्यंत आल्या. गाडीत मऊ उशी रिकामीच होती.

"साहेब," त्या म्हणाल्या, "परत या. अन् येताना आमच्या रवीला बी संगं घिऊन या."

"आणतो, अव्वा," रविकुमार म्हणाले, आणि गाडी सुरू करण्यापूर्वी बराच वेळ चष्मा पुसत बसले.

येथे हा वृत्तांत पूर्ण होत आहे. तो नागेंद्रप्पांनी स्वमुखाने कथन केला व त्यांच्याच अनुमतीने मी यथामती शब्दबद्ध केला. आपण आपले कामधाम बाजूला ठेवून एका वृद्ध मातेच्या ओट्यावर एवढा वेळ बसलात, याबद्दल मी आपणा सर्व वाचकांचा मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
रत्नपाल माणिकराव सूर्यवंशी
कमलनगर, जि. बीदर